शिळ्या डाळीवरून मारहाण ते बिलातला सर्व्हिस चार्ज: हॉटेलातल्या जेवणाची तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची?

जुलै २०२५. मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन सुरू होतं. चर्चगेटजवळच्या आकाशवाणी आमदार निवासात बुलढाण्याचे शिवसेना आमदार संजय गायकवाड यांनी रात्री जेवण मागवलं. डाळीला वास येतोय म्हणून ते थेट खाली कॅन्टीनमध्ये आले, तिथल्या कर्मचाऱ्याला डाळीचा वास घ्यायला लावला आणि मग त्याला मारहाण केली. दुसऱ्या दिवशी हा व्हिडिओ राज्यातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलवर पोहोचला होता.

पुढे काय झालं तेही आठवत असेल. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत या वागण्यावर नाराजी व्यक्त केली. गायकवाड यांनी मारहाणीचं समर्थनच केलं. अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कॅन्टीनची तपासणी करून नमुने घेतले आणि परवाना निलंबित केला. पोलिसांनी आमदारांवर अदखलपात्र गुन्हा नोंदवला.

या प्रकरणावर बोलताना बहुतेकांनी एकच बाजू निवडली. काहींच्या मते आमदारांनी बरोबर केलं, असं जेवण दिल्यावर काय आरती ओवाळायची? इतरांच्या मते मुळात सगळा दोष आमदारांचाच. पण इथे प्रश्न दोन आहेत. डाळ खराब होती का, हा पहिला. ती खराब असेल तर समोर उभ्या असलेल्या माणसाला मारायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’च राहतं.

आपण कुणी आमदार नाही आणि सहसा हातही उचलत नाही. पण भर हॉटेलात वेटरवर ओरडणं, एक स्टार देऊन ‘इथे चुकूनही जाऊ नका’ लिहिणं, फोटो टाकून पोस्ट व्हायरल करणं हे आपल्यातले बरेच जण करतात. उलट काही जण काहीच बोलत नाहीत. गपचूप बिल भरतात आणि घरी येऊन चिडचिड करतात. तक्रार योग्य ठिकाणी, योग्य प्रमाणात आणि योग्य माणसाकडे कशी करायची, हे या लेखात समजून घेऊ.

निराशा, त्रुटी आणि धोका: आधी हा फरक ओळखा

जेवण बिघडलं की आपण एकच शब्द वापरतो, ‘बेकार’. पण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली निराशा. मिसळ हवी तेवढी झणझणीत नव्हती, बिर्याणी फोटोत दिसली तशी नव्हती, पैशांच्या मानाने थाळी साधी वाटली. हा तुमच्या आवडीचा प्रश्न आहे. तुम्ही ते सांगू शकता, लिहू शकता, पुन्हा तिथे न जाण्याचं ठरवू शकता. पण यात हॉटेलने कायदा मोडलेला नाही आणि भरपाईचा हक्कही सहसा तयार होत नाही.

दुसरी त्रुटी. मागवलं एक आणि आलं दुसरं. शाकाहारी ताटात मांसाचा तुकडा निघाला. मेनूकार्डवर एक भाव, बिलात दुसरा. न खाल्लेला पदार्थ बिलात लागला. तास झाला तरी ऑर्डर आली नाही आणि कुणी विचारायलाही आलं नाही. पैसे घेऊन ठरलेली सेवा दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतो आणि ग्राहकाला दाद मागता येते.

तिसरा धोका. आंबलेली भाजी, वास येणारं मटण, डाळीत झुरळ, भातात काचेचा तुकडा, जेवून आल्यावर घरातल्या चौघांना उलट्या. इथे प्रश्न फक्त तुमच्या बिलाचा राहत नाही. त्याच पातेल्यातलं पुढच्या टेबलावरही जाणार आहे. असं असेल तर तक्रार केलीच पाहिजे. ‘जाऊ दे, डिस्काउंट दिला ना’ म्हणून विषय सोडून देऊ नये.

बहुतेक भांडणं होतात ती या तिघांची गल्लत झाल्यामुळे. निराशेसाठी कुणी एफडीएची धमकी देतं, तर धोक्याच्या वेळी कुणी पन्नास रुपये कमी करून घेऊन निघून जातं.

पहिला उपाय टेबलावरच

पहिला घास खाऊन काही गडबड वाटली तर लगेच सांगा. अख्खी प्लेट संपवून ‘चव बरोबर नव्हती’ म्हटलं तर मालकाला पटत नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही पटलं नसतं. ताट तसंच समोर असताना पदार्थ बदलून देणं, पुन्हा गरम करून आणणं किंवा बिलातून काढणं सोपं जातं.

सांगताना नेमकं सांगा. ‘काय फालतू जेवण आहे’ यावर हॉटेलवाला काहीच करू शकत नाही. ‘दादा, पनीर आंबट लागतंय, जरा बघता का’ यावर त्याला उठून बघावं लागतं. पदार्थ बदलून हवा, बिलातून काढायला हवा की फक्त चूक कानावर घालायची आहे, हेही सांगून टाका.

वेटरने ऐकलं नाही तर मॅनेजरला किंवा गल्ल्यावर बसलेल्या मालकाला बोलवा. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण वेटरच्या हातात फारसं काही नसतं. भाजी त्याने केलेली नसते, सकाळचा माल त्याने विकत घेतलेला नसतो, भाव त्याने ठरवलेले नसतात आणि बिलातली रक्कम कमी करण्याचा अधिकारही त्याला नसतो. पण समोर तोच उभा असतो, म्हणून बोलणी त्यालाच बसतात. अनेक ठिकाणी ‘गिऱ्हाईक चिडलं’ म्हणून त्याच्याच पगारातून पैसे कापले जातात.

वेटर खरोखर उर्मट बोलला असेल तर ती तक्रार त्याचीच आणि ती जरूर करावी. पण स्वयंपाकघरातल्या चुकीचा राग त्याच्यावर काढू नये. आमदार निवासात जे घडलं त्यातली मोठी चूक हीच होती. डाळ कुणी शिजवली, कधी शिजवली, माल कुठून आला याची कसलीही चौकशी होण्याआधी समोरच्याला मार बसला होता.

सर्व्हिस चार्ज द्यायलाच हवा का?

बिलावरून होणाऱ्या वादांत हा सगळ्यात नेहमीचा. थोडक्यात घटनाक्रम असा.

४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, तो ऐच्छिक असल्याचं ग्राहकाला सांगावं आणि तो न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारू नये, असं त्यात म्हटलं होतं. हॉटेल व्यावसायिकांच्या दोन संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली.

२८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला. सूचना कायम राहिल्या, सर्व्हिस चार्जची सक्तीची वसुली ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितलं गेलं. संघटनांनी या निकालाला न्यायालयाच्या खंडपीठापुढे आव्हान दिलं.

यातून ग्राहकाने लक्षात ठेवायचं ते इतकंच. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. जीएसटी सरकारकडे जातो, सर्व्हिस चार्ज हॉटेलकडे. बिलात तो दिसला आणि द्यायचा नसेल तर शांतपणे ‘हा काढून सुधारित बिल द्या’ म्हणा. स्वखुशीने टीप द्यायला कुणाचीच मनाई नाही. उलट, सेवा चांगली मिळाली आणि सर्व्हिस चार्ज काढून घेतला, तर त्यातले थोडे पैसे थेट वेटरच्या हातात देणं हा सरळ व्यवहार आहे. जेवण आवडलं नाही म्हणून टीप नाकारली तर शिक्षा आचाऱ्याला होत नाही, वाढणाऱ्याला होते.

पाण्याच्या बाटलीचं गणित मात्र उलटं आहे. ‘छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले’ अशी तक्रार अनेक जण करतात. पण १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीपेक्षा जास्त आकारायला मुभा दिली. तिथे ग्राहक नुसती बाटली घेत नाही, बसण्याची जागा आणि सेवाही घेतो, असा त्यामागचा तर्क होता. त्यामुळे बाटलीचा भाव मेनूवर आधीच लिहिलेला असेल तर ही तक्रार टिकणं अवघड आहे. बाटली नको असेल तर साधं पाणी मागा.

अन्नच धोकादायक असेल तर?

अशा वेळी अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ लागू होतो आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी एफडीए करतं. प्रत्येक परवानाधारक हॉटेलचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. म्हणून बिल फेकू नका. तक्रार करताना हा क्रमांक दिला की हॉटेल नेमकं कोणतं, ते शोधत बसावं लागत नाही.

तक्रार एफडीएच्या जिल्हा कार्यालयात करता येते, तसंच एफएसएसएआयच्या १८००११२१०० या टोल फ्री क्रमांकावर किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवरही. त्यात तारीख, वेळ, पदार्थ, काय आढळलं, किती जणांना त्रास झाला हे लिहा. त्रास झाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची बिलं जपून ठेवा. नुसतं ‘पोट बिघडलं’ हे आदल्या दिवशीच्या भजीमुळेही असू शकतं. एकाच पदार्थामुळे बरोबरच्या दोघा-चौघांना एकाच वेळी त्रास झाला असेल तर तक्रारीला वजन येतं.

या कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकाला स्वतःही फी भरून अन्नाची तपासणी करून घेता येते. अट अशी की खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. अहवालात दोष आढळला तर फी परत मिळते. अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत द्यावा, असं कायदा सांगतो.

शिक्षेचं काय? अन्नात बाह्य पदार्थ निघाला तर एक लाखापर्यंत दंड. अस्वच्छ जागेत अन्न तयार केलं तरी एक लाखापर्यंत दंड. अन्न असुरक्षित ठरलं तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. परवान्याबाबत कायद्यात पायऱ्या आहेत. साधारणपणे आधी सुधारणा नोटीस, मुदतीत सुधारणा झाली नाही तर निलंबन. लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर कारणं नोंदवून लगेच निलंबनही करता येतं.

इथे एक कडू गोष्ट मान्य करायला हवी. आमदार निवासात अधिकारी ज्या वेगाने पोहोचले, तो वेग सामान्य माणसाच्या तक्रारीला सहसा मिळत नाही. लोक थेट व्हिडिओ टाकतात त्यामागे हा अनुभव असतो आणि तो खोटा नाही. पण परवान्यावर कारवाई झाली ती तपासणीतून झाली, मारहाणीतून नाही. आणि नोंदवलेली प्रत्येक तक्रार कागदावर राहते. एकाच हॉटेलविरुद्ध पाच जणांच्या तक्रारी असतील तर कार्यालयाला दुर्लक्ष करणं अवघड जातं. पाच जणांनी नुसत्या स्टोऱ्या टाकल्या तर त्या चोवीस तासांत गायब होतात.

पैसे परत हवे असतील तर

आधी हॉटेलला लेखी कळवा. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालेल. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन हॉटेलशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. बिलाच्या छोट्या वादांसाठी हा मार्ग पुरेसा ठरू शकतो.

तरीही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे गोव्याला फिरायला गेल्यावर फसवणूक झाली तर पुण्यात परत येऊन दाद मागता येते. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

पण हिशेब करून बघा. दोनशे रुपयांच्या भाजीसाठी आयोगात जाण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्यात तारखा आणि वेळ जाणार हेही खरं आहे. शाकाहारी माणसाला मांसाहार वाढला गेला किंवा विषबाधेमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर तो मार्ग नक्की धरावा. विषबाधेत इजा किंवा मृत्यू झाला तर अन्न सुरक्षा कायद्यातही भरपाईची स्वतंत्र तरतूद आहे.

घरी मागवलेल्या जेवणाबाबत दोन पक्ष असतात, हॉटेल आणि ॲप. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी. पार्सल उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो काढा. पार्सल घेऊन आलेल्या मुलाशी मात्र वाद घालू नका. डबा आतून कसा आहे, हे त्याला माहीत नसतं.

रिव्ह्यू लिहिताना काय सांभाळायचं?

वाईट अनुभव लिहिणं हा गुन्हा नाही. बाकीच्या ग्राहकांना त्याचा उपयोग होतो. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि प्रामाणिकपणे व्यक्त केलेलं मत यांना त्यात अपवादाचं संरक्षण आहे.

म्हणून जे पाहिलं तेच लिहा. ‘रविवारी दुपारी मागवलेल्या सोलकढीला वास येत होता, सांगितल्यावर मॅनेजरने बदलून दिली नाही’ हा अनुभव झाला. ‘हे लोक रोज शिळं खाऊ घालतात’ हा आरोप झाला आणि तो सिद्ध करण्याची वेळ आली तर तुमच्याकडे काही नसेल.

आणखी तीन गोष्टी. वेटरचा चेहरा किंवा नाव टाकू नका. पैसे दिले नाहीत तर वाईट रिव्ह्यू टाकीन, असं म्हणू नका, कारण मग ती तक्रार राहत नाही, धमकी होते. आणि हॉटेलने चूक सुधारली तर तेही त्याच पोस्टमध्ये लिहा. एका वाईट दिवसाची पोस्ट वर्षानुवर्षं सर्चमध्ये वर येत राहते. साखळी हॉटेलला त्याने फारसा फरक पडत नाही, पण सहा टेबलांची खानावळ चालवणाऱ्या कुटुंबाला पडतो.

हॉटेलवाल्यांनी काय करावं?

खोट्या तक्रारीही येतात, हे हॉटेलवाल्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. अर्धं जेवण संपवून केस दाखवणारे असतात, आणि आता तर एआयने बनवलेला फोटो पाठवून परतावा मागता येतो. पण त्यामुळे प्रत्येक तक्रारदाराकडे चोर म्हणून बघितलं तर खरी चूक कधीच सापडणार नाही.

ग्राहकाने तक्रार केली की आधी ऐकून घ्यावं, ताट स्वतः बघावं, चव घ्यावी. चूक असेल तर ‘माफ करा, बदलून देतो’ एवढं पुरतं. ‘बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचीच कशी?’ हे वाक्य भांडण पेटवायला पुरेसं असतं. पदार्थ खराब निघाला तर फक्त ती प्लेट बदलून भागत नाही, पातेलं बाजूला काढावं लागतं. तक्रारींची एक वही ठेवली तर महिन्याभरात कळतं की चूक नेमकी कुठे होतेय, मालात, फ्रिजमध्ये की सोमवारच्या आचाऱ्यात. आणि तक्रारीचा भुर्दंड वेटरच्या पगारातून वसूल करणं बंद करावं. पगार कापला जाईल या भीतीने तो उद्या तक्रार दडवेल आणि खराब माल तसाच वाढला जाईल.

मग त्या डाळीचं काय करायला हवं होतं?

ताट बाजूला ठेवायचं, मॅनेजरला बोलवायचं, डाळ तशीच झाकून ठेवायला सांगायची आणि एफडीएला फोन करायचा. आमदारांना तर सभागृहात प्रश्न विचारण्याचाही मार्ग होता. असं झालं असतं तर राज्यभर चर्चा झाली असती ती सरकारी कॅन्टीनमधल्या अन्नाच्या दर्जाची. झाली ती मारहाणीची, आणि तिथे रोज जेवणाऱ्या बाकीच्या लोकांच्या ताटात काय पडतं, हा मूळ प्रश्न मागे पडला.

पुढच्या वेळी हॉटेलात काही बिघडलं तर तीन प्रश्न स्वतःला विचारा. ही निराशा आहे, त्रुटी आहे की धोका? यासाठी जबाबदार कोण? आणि मला नेमकं काय हवंय? उत्तरं मिळाली की कुणाशी आणि किती बोलायचं ते ठरवता येतं. आणि बिल तेवढं खिशात ठेवा.